उखाण्याचा माइक

मनालीला निघालेल्या बसमध्ये उखाण्यांचा खेळ रंगला होता. टूर मॅनेजरने माइक कुंदाबाईंसमोर आणला, त्यांचा रिकामा गळा पाहिला आणि "राहू द्या, काकू," म्हणत पलीकडे दिला.

नवरा गेल्यापासून त्यांना हळदीकुंकवाला कुणी बोलवत नव्हतं. आज अकरा वर्षांनी पहिल्यांदाच त्या एकट्या प्रवासाला निघाल्या होत्या, तर इथेही तेच? त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माइक हिसकावून त्या कडाडल्या, "माणूस गेलंय माझं, नाव नाही गेलं! बर्फाच्या शिखरावर ऊन पडलं छान, दिगंबररावांचं नाव घेते, ऐका देऊन कान!"

मॅनेजरने माइकसाठी हात पुढे केला. कुंदाबाईंनी मागे वळून माइक मघाशी अशाच वगळलेल्या बाईंच्या हातात कोंबला. "घ्या. तुमचाही नंबर चुकवलाय याने."