उन्हात सुटलेली मूठ

मिठागरावर काम करणाऱ्या द्रौपदी म्हात्रेच्या पत्राला उकिडव्यांनी तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. ते एका जाड पुस्तकात तसंच पडून होतं. ‘साहेब, तुम्ही बनवलेला मोटरीचा कृत्रिम हात मला बसवलाय. तो घरात नीट चालतो, पण उन्हात मूठ आपोआप सुटते. मुकादम म्हणतो, बाई कामचुकार आहे. दोन ओळी लिहून दिल्यात तर माझं काम टिकेल.’

मनगटातल्या चकतीच्या खाचांमधून बारीक प्रकाश जाई. तो मोजून बोटं किती मिटली हे हाताला कळे. ही रचना उकिडव्यांची. त्यांनी ती तपासली होती बंद खोलीत, ट्यूबलाइटखाली. पत्र वाचून त्यांना शंका आली होती, की बाहेरचं ऊन आत शिरून ही मोजणी चुकत असेल; पण स्वतःच्या शंकेवरही त्यांचा भरवसा नव्हता.

यंदा अपघातात त्यांचा उजवा हात गेला आणि त्या जागी तसाच मोटरीचा हात बसला. सकाळी गॅलरीतल्या उन्हात त्यांच्या हातून चहाचा कप पडला.

“अहो, साधा कप धरता येत नाही?” शालिनीबाई म्हणाल्या.

“मी नाही सोडला. हातानं सोडला.”

“हो, हो! तुम्ही गुणाचे, हातच मेला वेंधळा!”

दुपारी त्यांनी द्रौपदीला लिहिलं, ‘चूक तुमची नव्हती, माझी होती.’ टपालपेटीपाशी मात्र ते घुटमळले. तिचं काम तर केव्हाच गेलं असेल. आता हा कागद तिच्या काय कामाचा? फटीत घातलेलं पाकीट ते मागे घेणार, तोच पिंपळाची सावली हलली आणि मनगटावर ऊन पडलं. मूठ सुटली. पाकीट पेटीत पडलं.