काचेतल्या अस्थी

उमाताईंचे पती गुरुदत्त गेल्यापासून त्यांच्या अस्थी कॅनडात हॅमिल्टनला, मुलाच्या, ओजसच्या बेसमेंटमध्येच होत्या. त्या आपल्या हातांनी गोदावरीत सोडाव्यात, एवढीच उमाताईंची इच्छा होती. पण एकटीनं विमानप्रवास झेपत नव्हता आणि ओजसला सुट्टी मिळत नव्हती.

रविवारी ओजसनं त्यांना टोरांटोला एका प्रदर्शनात नेलं. हिरवट काचेच्या रोमन बरणीपाशी त्या थबकल्या. आत कुणाच्या तरी जळक्या अस्थी होत्या.

"ओजस, यंदा तरी बाबांना नाशिकला नेऊ या ना रे."

ओजसनं शेजारची पाटी वाचली. "रिलॅक्स आई. ही बाई दोन हजार वर्षं थांबलीये. बाबा नेक्स्ट समरपर्यंत थांबतील."


"ते थांबतील रे," वॉकर पुढे सरकवत उमाताई म्हणाल्या, "मी थांबेन का?"