धुक्यातली घंटा

"एवढी एक सही झाली की सुटलात, ताई," म्हणत गेम कंपनीच्या मॅनेजरने कागद पुढे सरकवला.

समोरच्या बाईंनी पिशवीतून चष्मा काढला. दाताच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावणाऱ्या या पन्नाशीच्या बाई म्हणजे दीड लाख खेळाडूंच्या धुकंताई, हे सांगून कुणाला पटलं नसतं. खेळ कंप्युटरवरचा, होडीचा. धुक्यातून ती किनाऱ्याला लावायची. कंपनीने धुकं इतकं दाट करून ठेवलं होतं की लोक वैतागून खेळ सोडायला लागले. तेव्हा ताईंनी घरबसल्या एक मॉड बनवला, म्हणजे खेळाला वरून लावलेलं ठिगळ. किनारा जवळ आला की घंटा वाजायची. फुकट वाटला. त्या ठिगळावर खेळ सहा वर्षं तगला. आता कंपनीने खेळातच घंटा बसवली आणि बाहेरच्या सगळ्या मॉडना दार बंद करायचं ठरवलं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

"सही नाही केली तर?"

"तर काही नाही. शुक्रवारपासून तुमचा मॉड तसाही चालणार नाही. शेवटी खेळ आमचा आहे ना."

"खेळ तुमचाच. पण यात लिहिलंय, मी आपणहून काढून घेतेय म्हणून. लोकांशी खोटं बोलू?"

मॅनेजरने हसून पेन त्यांच्यापुढे ठेवलं. त्याच्या शेजारी बसलेला प्रोग्रामर टेबलावरचा चहाचा डाग नखाने खरवडत होता. ताई त्याच्याकडे वळल्या.

"काय हो, तुमच्याकडे कासव आहे का कुणी? आमच्या ग्रुपवर त्या नावाने यायचा. दिवसाला शंभर प्रश्न विचारायचा. इथे नोकरी लागल्याचं कळवलं आणि मग गप्पच झाला. बरा आहे ना?"

प्रोग्रामरचं नख डागावरच थांबलं.

"नाही... मी नाही ओळखत."

"असू दे. कामात असेल."

मॅनेजरने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. "ऐकून तरी बघा. उद्या म्हणाल, माझीच उचलली. आमची घंटा वेगळी आहे. यानेच बनवली, अगदी पहिल्यापासून."

ताईंनी हेडफोन लावले. होडी सफाईने धुक्यात घातली. किनारा आला, घंटा वाजली. त्यांचा हात थांबला. होडी मागे नेऊन त्यांनी पुन्हा आणली. मग आणखी एकदा. शेवटी हेडफोन काढून त्यांनी मॅनेजरच्या हातात दिले.

"घंटेच्या मागे काय आहे, ऐका."

मॅनेजरने कपाळाला आठ्या घातल्या. "कोणीतरी बोलतंय. अगं... दूध उतू चाललंय?"

"माझ्या सासूबाई. मी पितळी पातेल्यावर पळी आपटून आवाज रेकॉर्ड करत होते आणि दूध गॅसवर विसरले होते. लोकांना दिली ती घंटा साफ करून. हे कच्चं रेकॉर्डिंग मी एकट्या कासवाला पाठवलं होतं, सरावाला."

प्रोग्रामरला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. घंटेचं काम एका दिवसात संपवायचं होतं. जुन्या फोल्डरमध्ये घंटा सापडली, ती त्याने उचलली. ऑफिसच्या गोंगाटात पन्नासदा वाजवून पाहिली, हेडफोन लावून एकदाही नाही. चोरी केली ती केली, वर धड बघूनही केली नाही. 'ताई, कासव मीच,' एवढं म्हणायचं होतं. पण त्याही क्षणी त्याच्या मनात पहिलं आलं ते हे, की मॅनेजरला कळलं तर नोकरी जाईल. त्याची त्याला लाज वाटली.

मॅनेजरने एकदा त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग हेडफोन खाली ठेवून तो मोठ्याने हसला.

"हात्तिच्या, एवढंच ना? हा पाच मिनिटांत काढून टाकेल तो आवाज. काय रे?"

ताईंनी पेनाला टोपण लावलं. कोऱ्या राहिलेल्या सहीच्या जागेवर ते ठेवून दिलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि त्या उठल्या. दारापाशी जाऊन त्यांनी प्रोग्रामरकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गातल्या मुलाचं गणित बरोबर आलंय का, हे बघावं तसं.

"काढेल ना," त्या म्हणाल्या. "आवाज कसा पुसायचा, ते मीच शिकवलंय त्याला."