सलाईनची भिंत

नलिनीला खाटेवर निजवलं आणि शालिकराम भिंतीकडे वळला. भिंत छपराच्या कवेलूंपासून वीतभर खाली थांबली होती.

"हे अटकली आता," तो म्हणाला. "बाटल्याच बंद झाल्या."

तक्रार नव्हती त्यात, आनंदच होता. तिगावच्या स्टेशनवर पॅसेंजरमधून लेकीला उचलून उतरवलं, तेव्हापासून भेटेल त्याला तो हेच सांगत आला होता, की डॉक्टरनं सलाईन बंद केली, सुट्टी दिली. वर म्हणाला, घर ले जाओ, जो मन करे खिलाओ. हे तर त्याने बैलगाडीवाल्याला दोनदा सांगितलं. डॉक्टर बोलला तेव्हा वच्छला नवऱ्याच्या शेजारीच उभी होती. शब्द तिनेही तेच ऐकले होते. पण तिने डॉक्टरचं तोंडही पाहिलं होतं.

भिंत बाटल्यांची होती. दवाखान्यात हल्ली काचेच्या जागी प्लास्टिकच्या आल्या होत्या आणि रिकाम्या झाल्या की मागच्या उकिरड्यावर जात. शालिकराम गावी फेरी मारी तेव्हा त्या पोत्यात भरून आणी. रबरी बूच काढायचं, चाळलेली माती काडीने ठासायची, बूच परत दाबायचं, आणि गाऱ्यात एकीवर एक आडव्या रचायच्या. विटेपेक्षा पक्की, तो म्हणे. सडत नाही, उधई-वाळवी लागत नाही. घराला लागून आजारी लेकीसाठी उजेडाची खोली. खालचे थर कोणाकोणाच्या बाटल्यांचे होते, वरचे नलिनीच्याच. वरून मातीचा पोतारा फिरवायचा राहिला होता, म्हणून बुडाकडच्या टांगायच्या कड्या आतून भिंतभर दिसत होत्या.

शेजारचे रामाजी पाहायला आले. दारातूनच म्हणाले, "शालिक, तुयी भिंत तं सलाईनवर होती लेका. आता कशी जगन ते?"

शालिकराम मोठ्याने हसला. रामाजीही हसले. हसता हसता त्यांनी वच्छलाकडे पाहिलं, टोपी नीट केली, आणि बैलाला पाणी दाखवायचं राहिलं म्हणून आल्यापावली परत गेले.

वच्छला खाटेच्या पायथ्याशी बसली होती. काय खाशीन, तिने विचारलं. नलिनीला काही नको होतं. थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच विचारलं. मग नुसतीच तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बाबा," नलिनी म्हणाली, "एक बाटली काढा ना भिंतीतली."

"काहून?"

"माती काढा न पाणी भरा. टांगा वर."

"अवं, तुले गरज नाही म्हणे ना डॉक्टर आता."

"माह्यासाठी नाही." तिने दम घेतला. "तिथं आई बाटलीकडं पाहात बसे. इथं माह्याच तोंडाकडं पाहून राहिली आल्यापासून."

शालिकरामने बायकोकडे पाहिलं. तिने पदर तोंडाशी धरला होता. स्टेशनपासून सांगत आणलेलं सगळं त्याच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरलं.

वरच्या थराचा गारा अजून पुरता वाळला नव्हता. कडीत बोट घालून ओढल्याबरोबर बाटली निघाली. माती त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्यात रिकामी केली. बाटली खळखळून धुतली, पाणी भरलं, बूच दाबलं, आणि खाटेवरच्या वाशाला तारेने टांगली. थोडी झुलली, मग थांबली. थेंब पडत नव्हता.

नलिनीने डोळे मिटले. वच्छलाची मान सवयीने वर गेली.

शालिकराम दुपट्ट्यातली माती घेऊन उभाच होता. कुठे टाकावी, त्याला सुचेना.

"भरेल हाय अजून," बाटलीवरची नजर न हलवता वच्छला म्हणाली.