लीलावती रेसिंग

हेल्मेटच्या आत अन्वीचं तोंड कोरडं पडलं होतं. पट्टे आवळलेले, खिडकीला जाळी, पायाखाली इंजिनाची धडधड. बाकीच्या गाड्या ट्रॅककडे निघाल्या होत्या.

मागच्या खेपेला याच ट्रॅकवर कुणीतरी तिला कठड्यावर रेटलं आणि गाडी उलटी झाली. स्टॉक कारच्या शर्यतीत धक्का देणं गुन्हा नाही, तोच खेळ. खाली डोकं वर पाय लटकत होती पोर, नाकात पेट्रोलचा वास. बाहेर काढल्यावर ती हसली. हसावंच लागलं. आई गेल्यापासून बाबा पहिल्यांदा शीळ घालताना दिसला तो ही गाडी बांधताना, मिल्टन कीन्सच्या घरातल्या गॅरेजात. त्याला 'नको' कसं म्हणायचं?

आणि आजी? लीलावतीबाई म्हणजे तोफ. गाडीच्या दारावर नाव तिचंच. 'आमच्या घरात भित्रं कुणी जन्मलं नाही,' हे ती वेम्बलीच्या भाजीवाल्यापासून शर्यतीच्या पंचापर्यंत सगळ्यांना ऐकवून आलेली. कुंपणाला धरून ओरडायची, "अगं, ठोक त्याला! बघत काय बसलीस?" गोऱ्यांना शब्द कळत नसत, अर्थ बरोबर कळायचा.

आत्ताही ती आली, मुठीत मीठमोहरी घेऊन. नातीची दृष्ट काढल्याशिवाय गाडी जागची हलत नसे. जाळी बाजूला सारून तिने मूठ ओवाळली. मग दुसरा हात स्टिअरिंगवरच्या अन्वीच्या हातावर ठेवला. हातमोज्यातही तो हात लटलटत होता. आजीने तो दाबून धरला. थरथर थांबेना.

"झालं का, आई? बोलावतायत," बाहेरून अन्वीचा बाबा, परीक्षित, म्हणाला.

"परीक्षित, बंद कर ते इंजिन."

"काय?"

"मला भीती वाटतेय."

तो हसला. मग त्याने तिचा चेहरा पाहिला. "तुला? आई, कम ऑन! सगळे बघतायत."

"बघू देत. पोरीला काही झालं तर मी जगायची नाही. घरी ने मला. आणि विकून टाक हे डबडं."

एवढं बोलून लीलावतीबाई चारचौघांत, नव्याकोऱ्या साडीनिशी, चिखलात मटकन बसली.

टीम तिथेच संपली. गाडी ट्रेलरवर चढवताना परीक्षित धुसफुसला, "एवढ्या बाता मारल्यास, आणि सगळ्यांत भित्री तूच निघालीस!"

उभ्या जन्मात कुणाचं उणं ऐकून न घेतलेली बाई. खाली मान घालून म्हणाली, "हो रे बाबा."

व्हॅनमध्ये अन्वी तिला बिलगली. बाबा अजून बाहेर दोर आवळत होता.

"आजी, तू खरंच इतकी घाबरलीस?"

"घाबरते माझी चप्पल!" आजी तिच्या कानाशी पुटपुटली. "पुढच्या वेळी तुझं तू बोलायचं, कळलं? कापून घ्यायला मला नाक एकच होतं."