चेअरमनसाहेबांच्या हस्ते

पहाटेच्या धुक्यात साखर कारखान्याची जीप उसाच्या ट्रॉलीत घुसली आणि ड्रायव्हर जागीच गेला.

शेजारी बसलेले शेतकी अधिकारी रक्ताळल्या कपाळानं उतरले. ट्रॅक्टरवाल्या गहिनीनाथला त्यांनी कॉलर धरून खाली ओढलं आणि ट्रॉलीतलाच ऊस उपसून झोडपलं. "ट्रॉलीला रिफ्लेक्टर का नाही रे? माझा माणूस मारलास!"

गहिनीनाथनं रक्तासोबत दात थुंकला. "साहेब, महिनाभर हेलपाटे घातले. तुम्हीच म्हणालात, वाटप चेअरमनसाहेबांच्या हस्ते करायचंय, त्यांची तारीख मिळू दे."

साहेबांनी पुन्हा ऊस उगारला, तोच मागून भरधाव टेम्पो आला. जीपचं मागचं दार फुटून खोकं रस्त्यावर सांडलं होतं. त्यातल्या रिफ्लेक्टरच्या लाल पट्ट्या टेम्पोच्या उजेडात पेटल्यासारख्या चमकल्या.

टेम्पो लांबच थांबला.