फुटकी फरशी

“यातला कोणता, बाबा?” मनिषने गालिचा, व्हिनाइल आणि लाकडी पट्टी असे तीन तुकडे बापाच्या मांडीवर ठेवले.

तुलारामने तिन्हींवरून अंगठा फिरवला. “रंगाचं तुह्या मायले इचार. मले तं आहे तेच फरशी बरी.”

“तुमच्यासाठीच करून राहिलो ना! मोठ्या पडद्यावर पाहाले मजा येते.”

“मले आवाज आला म्हणजे झालं.”

मनिष नागपूरला नोकरीला, शनिवारी कारध्याला आईबापाकडे यायचा. चला नागपूरला, म्हणून म्हणून थकला. म्हातारा गाव सोडेना. मग इथंच मधल्या खोलीत होम थिएटर करायचं ठरलं. खाली मऊ गालिचा. पण त्याआधी जुनी उंचसखल फरशी उखडायला हवी, आणि तिथंच घोडं अडलं.

“दुसरी कोणती बी खोली घे,” आई मंदाबाई म्हणाली. “हे फरशी राहू दे बापा.”

“काहून पण?”

“राहू दे म्हटलं ना!”

बापाला विचारावं तर उत्तर आई देणार. आई काही बोलली की बाप भिंतीकडे तोंड करून गप्प. इथं नक्कीच कुठंतरी पाणी मुरत होतं.

मनिष नजर ठेवू लागला. तुलाराम मधल्या खोलीतून जाताना नेहमी एकाच रेषेत चालायचा. मधोमध एक फुटकी फरशी होती. तिच्यावर आला की थांबायचा, पायाच्या अंगठ्याने भेग चाचपायचा, मगच आपल्या खोलीकडे वळायचा. दर वेळी! कुलूप लावून झाल्यावर माणूस ते ओढून पाहतो, अगदी तसं.

आणि मनिषला आजीच्या गळ्यातली सोन्याची एकदाणी आठवली.

“एकदाणी कोठी आहे, बाबा?”

“तुह्या इंजिनिअरिंगले मोडली ना गा.”

“का अंजूसाठी ठेवली?”

तुलाराम खो-खो हसला. “बहिणीवर जळतं का रे पोट्ट्या? कोणी भरवलं तुह्या डोक्यात?”

हसण्यावारी नेलं, म्हणजे ठरलंच! मनिषला रात्रभर राग आवरेना. पोटच्या पोरापासून लपवाछपवी?

पुढच्या रविवारी आईबाप लाखनीला लग्नाला गेले. मनिषने खणायची लोखंडी सब्बल काढली. फुटकी फरशी निघाली, शेजारच्याही निघाल्या. खाली मुरूम. आणखी खणलं, तरी मुरूमच. गुडघाभर खड्डा झाला, पण सोन्याचा एक मणी नाही.

तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. आई शेजारणीशी बोलत बाहेरच राहिली. बाप एकटाच आत आला.

भर दुपार होती. दारातून ऊन थेट खोलीत पडलं होतं. मनिष खड्ड्यापलीकडे, हातात सब्बल, बाजूला मातीचा ढीग. लपवणार काय आणि कुठं? बापाने सरळ त्याच्याकडे तोंड केलं. आता शिव्या पडणार म्हणून मनिषने श्वास रोखला.

तुलाराम गालातल्या गालात हसत, नेहमीच्या रेषेत चालत आला. अंगठ्याने भेग शोधली आणि धाडकन खड्ड्यात गेला.

मनिषने उडी मारून त्याचा हात धरला.

तुलारामने तो हात घट्ट पकडला आणि कुजबुजला, “अंजूची माय, तूच ना व? आपली फुटकी फरशी कोठी गेली? उठव मले लवकर. मनिषनं पाहिलं तं नेते नागपूरले.”